तारेच्या शेवटच्या घरातला दाब

बीड जिल्ह्याच्या पूर्वेकडे परळी वैजनाथ आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला तेथे भाविक जातात. भूगोलाच्या पुस्तकामुळे मात्र हे गाव औष्णिक वीजकेंद्रासाठी जास्त ओळखीचे झाले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे ३० मेगावॉटचे दोन लहान संच बसले. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे संच आले आणि नंतर २५० मेगावॉटचे. मराठवाड्यातली ही फार मोठी घटना होती. तरीही याच जिल्ह्यातील वाडीवस्त्यांवर दिवेलागणीच्या वेळी साठ वॅटचा बल्ब तांबूस, मलूल जळत असे. पंखा फिरे, पण वारा लागत नसे. "कारखाना आपल्या जिल्ह्यात आणि उजेड मात्र मुंबईला" असे म्हणायची मग पद्धतच पडली.

या म्हणण्यात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाला त्यात एक चांगला प्रश्नही सापडेल. वीजकेंद्र जवळ असले म्हणजे घरातला दाब चांगला राहतो का? आणि तो राहत नाही, हे आपल्याला कशावरून कळते? दुसरा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. घराघरांतला विद्युतदाब मोजून ठेवण्याचा एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात गावच्या शेवटच्या खांबाची पाळी फार उशिरा आली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. परळीत तयार झालेली वीज शेजारच्या गावात सरळ उतरत नाही. तिचा दाब वाढवून ती उच्चदाबाच्या जाळ्यात सोडली जाते. साऱ्या राज्याची केंद्रे आणि साऱ्या राज्याचे ग्राहक त्या जाळ्याला जोडलेले असतात. तेथून ती ३३ हजार व्होल्टच्या उपकेंद्रात येते, तेथून ११ हजार व्होल्टच्या वाहिनीने गावोगाव जाते आणि गावाच्या कडेला असलेल्या 'डीपी'वर, म्हणजे वितरण रोहित्रावर, घरगुती दाबाला उतरते. दाब पडतो तो मुख्यतः या शेवटच्या दोन टप्प्यांत. परळीच्या धुराड्यापासून आपले गाव किती लांब, याला येथे महत्त्व नाही. उपकेंद्रापासून डीपी किती लांब आणि डीपीपासून घर किती लांब, हे खरे प्रश्न. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातले पाणी आटले आणि परळीचे संच बंद ठेवावे लागले. तेव्हाही जिल्ह्यातली वीज गेली नाही, ती जाळ्यातून येत राहिली. हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे.

आता आकडेमोड करू. दहावीचा विद्यार्थी ती फळ्यावर करू शकेल. ११ हजार व्होल्टवरून घरगुती दाबाला आणणारे रोहित्र ४३३ व्होल्टचे असते. तीन फेजपैकी एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातला दाब काढायचा तर ४३३ ला ३ च्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर २५० व्होल्ट येते. पण हे केव्हा? वाहिनीत खरोखर ११ हजार व्होल्ट असतील तेव्हा. वाहिनी लांबलचक असेल, तिच्यावर शेतीपंपांचा भार असेल आणि तिचा दाब ८ टक्क्यांनी पडला असेल, तर डीपीवर २५० ऐवजी २३० व्होल्टच मिळतील. तेथून अर्धा किलोमीटरवर एक वस्ती आहे असे समजा. लघुदाबाच्या तारेसाठी 'वीझल' नावाची तार वापरली आहे. (या तारांना प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर अशी जाडीप्रमाणे चढत जाणारी ही जत्रा मुलांना फार आवडते.) वीझल तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. अर्धा किलोमीटर जाणारी तार आणि तितकीच परत येणारी न्यूट्रल मिळून रोध झाला ०.९ ओहम. संध्याकाळी त्या फेजवर ४० अँपियर प्रवाह असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ३६ व्होल्ट तारेतच खर्च झाले. घरात उरले १९४. रोहित्रातली घट आपण धरलेलीच नाही.

१९४ व्होल्टवर २४० व्होल्टचा बल्ब कसा जळेल? शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे धरले, तर साठ वॅटचा बल्ब सुमारे ३९ वॅट घेईल. प्रत्यक्षात तार कमी तापल्याने तिचा रोधही थोडा कमी होतो, त्यामुळे आकडा जरा वर सरकेल, पण उजेड मात्र शक्तीपेक्षा पुष्कळ वेगाने घटतो. तार कमी तापली की ती जे थोडेफार उत्सर्जन करते तेही अवरक्ताकडे झुकते. उजेड निम्म्याच्या आसपास येतो आणि रंग तांबडा होतो. म्हणजे पाच टक्के कमी दाबाला पाच टक्के कमी उजेड, असा हिशोब येथे चालत नाही. अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक भला मोठा आहे.

पंपाच्या मोटरीचे दुखणे वेगळे. बल्ब कमी दाबाला कमी प्रवाह घेतो. मोटरीला विहिरीतून तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, म्हणून दाब पडला की ती प्रवाह जास्त घेते. वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेटोळे तापते, वार्निश करपते आणि मोटर तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला जाते. शिवाय जास्त प्रवाहाने तारेतला दाब आणखी पडतो, मग शेजारच्या विहिरीवरची मोटर जास्त प्रवाह मागते. एकाची अडचण दुसऱ्याची अडचण वाढवते. सुरू होतानाचे बलही दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. म्हणून दाब खूप पडला की मोटर नुसती गुणगुणत राहते, फिरत नाही. ही गुणगुण न ऐकलेला शेतकरी बीड जिल्ह्यात सापडणार नाही.

दाब मोजण्याचा विचार विजेच्या व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासून होता, हे आता पाहू. 'व्होल्ट' हे एकक १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाले. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, एडिसनचे पर्ल स्ट्रीट येथील केंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह ते देत असे. त्या काळच्या दिव्यांची तार नाजूक होती. दाब थोडा जास्त झाला तर दिवा लवकर जाई, थोडा कमी झाला तर गिऱ्हाईक कुरकुर करी, कारण त्याच्यापुढे गॅसच्या दिव्याचा पर्याय होता. म्हणून केंद्रात एक दर्शक बसवला होता. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तांबडा दिवा लागे, खाली गेला की निळा. तेथे उभा असलेला माणूस मग चाक फिरवून जनित्राचे चुंबकक्षेत्र कमीजास्त करी.

पण या व्यवस्थेतली खरी मेख निराळी आहे. केंद्रातला दाब सांभाळला म्हणून रस्त्याच्या टोकाचा दाब सांभाळला जात नाही, हे एडिसनला माहीत होते. त्याच्या पद्धतीत जाड 'फीडर' तारा केंद्रातून निघून रस्त्यावरच्या वाटप-तारांना ठिकठिकाणी मिळत. त्या मिलनबिंदूपासून केंद्रापर्यंत बारीक वेगळ्या तारा परत आणलेल्या असत. त्यांना 'दाबाच्या तारा' म्हणत. त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहत नसे, त्यामुळे त्यांच्यात दाब पडत नसे आणि टोकाला किती दाब आहे ते केंद्रात बसून वाचता येई. इंग्रज अभियंतेही त्या काळात व्होल्टेजला सरळ 'प्रेशर' म्हणत. मराठीत आपण दाब म्हणतो तो शब्द असा मूळ कल्पनेच्या जवळ राहिला आहे. पाण्याच्या टाकीजवळच्या नळाला धो धो पाणी आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार, ही उपमा येथे अगदी चपखल बसते.

उपकरणेही झपाट्याने सुधारली. एडवर्ड वेस्टन याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस कायम चुंबक आणि फिरते वेटोळे असलेला, आकडा थेट दाखवणारा व्होल्टमीटर बाजारात आणला. आपल्या प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर त्याचाच वंशज आहे. गॅल्व्हॅनोमीटरला एकसरीत मोठा रोध जोडायचा, इतकेच. लवकरच कागदाच्या गोल चकतीवर शाईच्या काट्याने दिवसभराचा दाब आपोआप रेखणारी यंत्रेही आली. इंग्लंडात बोर्ड ऑफ ट्रेडने घोषित दाबापासून ४ टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये असे बंधन घातले. 'घोषित दाब' ही कल्पना महत्त्वाची आहे. वीज विकणाऱ्याने आधी आकडा सांगायचा आणि मग तो पाळायचा. किलोग्रॅमच्या वजनावर जसा सरकारी शिक्का, तसा हा प्रकार.

भारतात १९५६ च्या विद्युत नियमांमध्ये ५४ वा नियम याच स्वरूपाचा होता. लघु आणि मध्यम दाबाच्या ग्राहकाला पुरवठा जेथे सुरू होतो त्या बिंदूवर घोषित दाबापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये, असे तो सांगे. घोषित दाब २४० व्होल्ट धरला तर ही मर्यादा २२५.६ पासून २५४.४ पर्यंत होते. आपल्या फळ्यावरच्या १९४ व्होल्टशी तिची तुलना करावी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००५ मध्ये वितरण कंपन्यांसाठी कामगिरीची मानके ठरवली. त्यांतही लघुदाबासाठी ६ टक्क्यांची मर्यादा होती.

नियम झाला. मोजायचे कोणी?

येथे बीड जिल्ह्याचा आणि एकूण मराठवाड्याचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या संस्थानात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जून रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळापुढे काम होते ते वीज पोहोचवण्याचे. किती गावे झाली, किती पंप जोडले, हे दोन आकडे वर्षअखेर मोजले जात. १९६९ मध्ये केंद्र सरकारचे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले आणि कर्जाची सोय झाल्याने तारा झपाट्याने पसरल्या. बरीच वर्षे 'विद्युतीकरण झालेले गाव' म्हणजे ज्याच्या महसुली हद्दीत कशासाठी का होईना वीज वापरली जाते ते गाव, अशी व्याख्या होती. शिवारात एक पंप चालला की गाव विद्युतीकृत. १९९७ मध्ये वस्तीतच वीज हवी असा बदल झाला, आणि २००४ मध्ये किमान दहा टक्के घरे आणि शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक ठिकाणे अशी भर पडली. व्याख्या सुधारत गेली, पण दाबाचा उल्लेख तीत कधीच आला नाही. मंडळाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्याला पोहोचवायचे आहे तो आधी पोहोचवण्याचेच मोजणार. पण जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसाही मंजूर होत नाही, आणि लांबवलेली तार जाड करणे, नवी डीपी बसवणे, नवे उपकेंद्र उभारणे हे सगळे पैशाचे काम आहे.

दाबाची नोंद मंडळात होत नव्हती असे नाही. उपकेंद्रातला ऑपरेटर दर तासाला नोंदवहीत व्होल्ट आणि अँपियर लिहीत असे. पण ती नोंद वाहिनीच्या आरंभाची. एडिसनच्या केंद्रात आकडा टोकापासून येत होता. आपल्याकडे शंभर वर्षांनंतर तो उगमापाशी घेतला जात होता. याला कारणही साधे आहे. दाट वस्तीच्या शहरात काही चौकांपासून बारीक तारा परत आणणे परवडते. वीस-पंचवीस किलोमीटर पसरलेल्या, फाटे फुटलेल्या वाहिनीच्या प्रत्येक शेंड्यापासून तशी तार आणणे अशक्य. मग वहीत व्यवस्थित आकडा आणि शेवटच्या घरात मिणमिणता दिवा, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत होते. वायरमन म्हणे, "लाईन बरोबर आहे." घरमालक म्हणे, "या, बघा आमचा बल्ब." दोघेही खोटे बोलत नव्हते.

तो बल्ब हाच खेड्यातल्या घराचा व्होल्टमीटर होता. वाचन त्याच्या रंगात होते. पिवळा म्हणजे ठीक, तांबूस म्हणजे कमी, पांढराशुभ्र झाला की काहीतरी बिघडले, पळत जाऊन मेन स्विच बंद करा. ट्यूबलाईटही सांगे. दाब फार पडला की ती नुसती डोळे मिचकावी आणि पेटत नसे. पिठाच्या गिरणीच्या आवाजावरून गिरणीवाला दाब ओळखी. या वाचनांना आकडा नव्हता, वेळेची नोंद नव्हती, आणि म्हणून तक्रारीच्या अर्जात त्यांना किंमत नव्हती. "व्होल्टेज फार कमी असते" या वाक्यावर कोणता अधिकारी काय करणार?

पांढऱ्याशुभ्र बल्बबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कमी दाबापेक्षा तो प्रकार जास्त धोक्याचा. डीपीकडून येणारी न्यूट्रल तार तुटली की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे नकळत एकमेकांशी एकसरीत जोडली जातात आणि त्या दोघांवर मिळून ४१५ व्होल्ट पडतात. वाटणी रोधाप्रमाणे होते. एका घरात १००० वॅटची शेगडी चालू आहे, तिचा रोध ५७.६ ओहम. दुसऱ्या घरात फक्त १०० वॅटचा बल्ब, रोध ५७६ ओहम. शेगडीला जेमतेम ३८ व्होल्ट मिळतील आणि बल्बला ३७७. म्हणजे ज्याने कमी वीज वापरली त्याच्याच घरातली उपकरणे जळणार. एका रात्रीत अर्ध्या गल्लीचे टीव्ही गेले, अशा बातम्यांमागे पुष्कळदा हेच असते. त्याखेरीज साधा जास्त दाबही असतो. मध्यरात्री भार उतरला की डीपीला लागून असलेल्या घराला जवळजवळ पूर्ण २५० व्होल्ट मिळतात. एकाच तारेवरच्या पहिल्या घराचे बल्ब वारंवार उडतात आणि शेवटच्या घराचे मलूल जळतात. दोन्ही घरांच्या तक्रारी एकाच टेबलावर आल्या तर ऐकणाऱ्याला वाटावे, यांतला एक खोटा आहे.

लोकांनी आपापले उपाय केले. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले, मागोमाग घराघरांत स्टॅबिलायझर आले. स्टॅबिलायझर म्हणजे वेटोळ्याच्या फाट्या बदलून दाब चढवणारे छोटे रोहित्र. दाब चढवायचा तर तारेतून प्रवाह जास्त ओढावा लागतो. तेव्हा ज्याच्याकडे स्टॅबिलायझर आहे त्याचे चित्र स्थिर होते आणि ज्याच्याकडे नाही त्याचा बल्ब आणखी थोडा मंद होतो. शेतात वेगळेच चालले होते. शेतीपंपांची आकारणी बरीच वर्षे अश्वशक्तीवर होती, मीटर नव्हता, त्यामुळे वाहिनीवर खरा भार किती हे कोणालाच नेमके ठाऊक नसे. मोटरीला लावायचा कपॅसिटर बाजूला काढून ठेवलेला असे. मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह जागच्या जागी पुरवणे हे त्या कपॅसिटरचे काम. तो नसला की तो प्रवाहही लांबून, तारेतूनच यावा लागतो आणि दाब आणखी पडतो. काही रुपयांच्या त्या डब्याने सगळ्यांचाच थोडा फायदा झाला असता. पण तो एकट्याने लावून लावणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही, सगळ्यांनी लावला तरच जाणवतो. शेजारी लावेल याची खात्री नसताना पहिला डबा कोण विकत घेणार? भारनियमनाच्या काळात पंप बंद राहावेत आणि गावात दिवे लागावेत म्हणून 'सिंगल फेजिंग' आले, तर त्याच कपॅसिटरचा उपयोग तिसरा फेज 'बनवून' मोटर चालवण्यासाठी होऊ लागला. त्याने उरलेले फेज असंतुलित झाले आणि वस्तीतला दाब पुन्हा ढासळला. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम हाती घेतले गेले. गुजरातेत २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत हेच झाले होते.

६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. ती वर्षे कडक भारनियमनाची होती. त्याच सुमारास पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटात एक साधी कल्पना आकाराला येत होती. घराच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये एक छोटे यंत्र बसवायचे. ते दर मिनिटाला दाब नोंदवील आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती नोंद पुण्याच्या संगणकाकडे पाठवील. वीज गेली तरी यंत्राच्या बॅटरीमुळे 'वीज नाही' हीही नोंद होईल. २०१४ नंतर ही मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि महाराष्ट्रापासून वीसहून अधिक राज्यांत, महानगरांपासून खेड्यांपर्यंत, काहीशे ठिकाणी ही यंत्रे लागली. नोंदी संकेतस्थळावर सर्वांना खुल्या होत्या. दाबाचे त्यांनी ढोबळ गट केले होते: १७५ व्होल्टहून कमी, १७५ ते २०५, २०५ ते २७० आणि २७० हून जास्त. नियमाची खालची रेषा २२५.६ असताना २०५ पर्यंत 'ठीक' म्हणणे ही वीज कंपन्यांना दिलेली बरीच सवलत होती. तरीही पुष्कळ ठिकाणचे तास खालच्या गटांत पडले. ही ठिकाणे काही साऱ्या देशाची काटेकोर नमुना पाहणी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तिचे मोल निराळे होते. त्या त्या घरापुरता, त्या त्या मिनिटापुरता आकडा आता कोणीही पाहू शकत होता, आणि तो वायरमनचाही नव्हता, घरमालकाचाही नव्हता. घानाची राजधानी आक्रा येथे २०१८ पासून अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनीही घराघरांत अशीच प्लगची यंत्रे बसवली.

म्हणजे एडिसनची 'दाबाची तार' परत आली. फक्त आता तिच्यासाठी तांबे लागत नाही, मोबाइलचा मनोरा पुरतो.

याच वर्षांत उलट दिशेनेही काही घडले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब वाटायला सुरुवात झाली. एलईडीत आत छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. दाब १६० असो की २५०, ते दिव्याला लागणारा प्रवाह जवळपास तेवढाच ठेवते. उजेड बदलत नाही. विजेची बचत झाली, मुलांना वाचायला उजेड मिळाला, हे उत्तमच. पण घरातला जुना व्होल्टमीटर त्यासोबत गेला. टीव्ही आणि मोबाइलचा चार्जरही आता मोठ्या फरकात चालतात. कमी दाब हल्ली दिसत नाही, तो कळतो फ्रीजचा कॉम्प्रेसर गेल्यावर किंवा शेतातली मोटर जळल्यावर.

नव्या स्मार्ट मीटरमध्ये युनिटांबरोबर ठरावीक अंतराने दाबाचीही नोंद राहते. म्हणजे प्रत्येक घरात, प्रत्येक शेंड्यावर व्होल्टमीटर बसण्याची तांत्रिक सोय पहिल्यांदाच झाली आहे. या मीटरांवर बिलाच्या बाजूने महाराष्ट्रात बराच वाद झाला. दाबाच्या नोंदीविषयी त्या वादात फारसे कोणी बोलले नाही. ग्राहकाला आपल्या मीटरमधला महिनाभराचा दाब मागता येईल का, आणि तो ठरल्या मर्यादेबाहेर गेला तर ती नोंद त्याच्या बाजूने पुरावा ठरेल का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखे आहेत.

शाळेला मात्र तोवर थांबायचे कारण नाही. प्लगमध्ये खोचायचा अंकदर्शक व्होल्टमीटर बाजारात थोड्या पैशांत मिळतो. (मल्टिमीटरच्या सुया मुलांना प्लगमध्ये घालू देऊ नयेत. २३० व्होल्ट चूक माफ करत नाहीत.) तो शाळेच्या कार्यालयात शिक्षकांनी लावावा. शक्य झाल्यास असाच दुसरा डीपीजवळच्या एका घरी आणि तिसरा वस्तीच्या टोकाच्या घरी लावावा. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ७ आणि रात्री १० असे चार आकडे घरच्या मोठ्यांच्या देखत वहीत उतरवायचे. शेजारी त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती की रात्री, आणि पाऊस झाला की नाही, हेही लिहायचे. महिन्याने आलेख कागदावर तीन रंगांत काढला की पहिल्या आणि शेवटच्या घराच्या रेषांमधले अंतर म्हणजे फळ्यावर आपण काढलेले ते ३६ व्होल्ट. आपल्या गावात ते किती येतात? डीपीपासूनचे खांब मोजून आणि तारेचे नाव वायरमनकाकांना विचारून त्यावरून वाहणारा प्रवाहही अजमावता येईल. ही वही वर्षभर चालली तर आणखी काही पाहता येईल. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्यावर रेषा कोठे जातात? दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या गेल्या, निम्मी घरे कुलूपबंद झाली, की संध्याकाळी ७ चा आकडा वर येतो का? आणि उन्हाळ्यात विहिरी आटून पंप थांबले म्हणजे टोकाच्या घराला दुपारी किती व्होल्ट मिळतात?